कापड डोक्यावरचं : फिरत्या पेटीच्या नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

आज ठरवून टाकलं. आमच्या केंद्रातल्या 11 शाळांतून फिरवायची एक पेटी करायची, आणि तिच्यात डोक्यावर, गळ्याभोवती घ्यायची कापडं ठेवायची. तक्ते नकोत, काचेचं कपाट नको. मुलांनी कापड हातात घ्यायचं, झटकायचं, बांधायचं, सोडायचं आणि घडी घालून परत ठेवायचं.

हे डोक्यात आलं ते डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनामुळे. पोवाड्याला आठ मुलांसाठी फेटे भाड्याने आणले होते. आत पुठ्ठा, वरून चिकटवलेलं कापड, मागे इलॅस्टिक. कार्यक्रम संपल्यावर पाचवीतल्या एका मुलीने त्यातला एक उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बाई, हा सुटला तर परत कसा बांधायचा?" मला उत्तर देता आलं नाही. तो सुटणारच नव्हता, पण तसं सांगून भागण्यासारखं नव्हतं. माझे वडील रोज सकाळी अंगणात उभं राहून पटका बांधायचे. लग्न होईपर्यंत मी ते रोज पाहिलं. तरी मला बांधता येत नाही.

कच्ची यादी: फेटा, मुंडासं, उपरणं, गांधी टोपी, टॉवेल, तान्ह्या बाळाची कुंची, टोपडं, ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ, घोंगडीची खोळ, मफलर, स्कार्फ. पदर कसा दाखवायचा ते नंतर बघू.

पेटी म्हणून सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक. आतून गंज घासून काढला, वर्तमानपत्र अंथरलं, चार डांबराच्या गोळ्या टाकल्या. संध्याकाळी गोळ्या काढल्या. मुलं ही कापडं तोंडापाशी नेणार. त्याऐवजी कडुलिंबाचा वाळका पाला ठेवला.

8 जानेवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर वरच्या आळीतल्या अण्णांकडे गेले. वय ऐंशीच्या पुढे. गावातल्या लग्नांत वर्षानुवर्षं फेटे यांनीच बांधले, एक रुपया न घेता. आता फेटेवाला येतो, खुर्चीवर रांगेने बसवतो आणि भराभर उरकतो. अण्णांना त्याचा राग नाही. "त्येचं बी पोट हाय," एवढंच म्हणाले.

त्यांचा स्वतःचा फेटा मोजला: लांबी 7 मीटर 20 सेंटिमीटर, पन्हा, म्हणजे रुंदी, 1 मीटरला थोडा कमी. धुऊन धुऊन इतका मऊ झालेला की मुठीत मावतो.

बांधण्याआधी त्याच्या चुण्या घालाव्या लागतात आणि तेच खरं काम आहे. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं टोक घेऊन अण्णा ओसरीच्या पार त्या कडेला गेले. दोघांनी ताणून धरायचं, पन्ह्याच्या बाजूने बोटभर बोटभर घड्या घेत यायचं. ताण सैल पडला की मधलं कापड झोळीसारखं लोंबतं आणि सगळ्या चुण्या मोडतात. माझ्या हातून दोनदा मोडल्या. अण्णा ओरडले नाहीत, नुसते थांबले.

"येकट्याला बांदता येतो की. रानात येकट्यानंच बांदायचो. पर चांगला बांदायचा आसंल तर दुसरं टोक धराया मानूस लागतंय बाई."

मग बांधून दाखवला. एक टोक तुऱ्यासाठी राखून दातात धरलं. पहिला वेढा कपाळावरून तिरपा, दुसरा उलट बाजूने तिरपा, म्हणजे कपाळाच्या मध्यावर दोन्ही एकमेकांवर चढतात. प्रत्येक वेढ्याला मनगटाने थोडा पीळ. कानाचा वरचा भाग झाकायचा, पाळी मोकळी. शेवटचं टोक मागे पाठीवर सोडलं, तो शेमला. दातातलं टोक सोडवून चुण्या उलगडल्या आणि वर खोवला, तो तुरा. हे सगळं करताना त्यांनी एकदाही आरसा मागितला नाही. डावा हात डोक्यावर फिरवत राहिले आणि हातालाच कळत होतं कुठे उंच झालं ते.

त्याचे उपयोग विचारले तर बोलतच राहिले. विहिरीत पोहरा पडला तर दोराला जोडायला. बाजारातून सुटी जिनसं आणायची तर टोकात गाठ मारून. हात मोडला तर गळ्यात झोळी. उशाला घडी. आणि मारामारीत डोकं वाचायचं, हे हळू आवाजात.

12 जानेवारी, रविवार

आज सोलापुरात होते. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातलेले होते. 1930 च्या मे महिन्यात या शहरात मार्शल लॉ लागला आणि पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. नावं नुसती वाचून काढली तरी कळतं की वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या देवांची माणसं होती ती. त्या दिवसांत डोक्यावर पांढरी खादीची टोपी असणं म्हणजे आपण कुणाच्या बाजूचे ते चारचौघांत सांगणं होतं, आणि ते सांगायची किंमत पडत होती.

पेटीसाठी खादीच्या दुकानातून एक टोपी घेतली, 22 नंबरची. घरी येऊन एका जुन्या टोपीची शिवण उसवून पाहिली. दोन लांबट बाजू आणि वर मध्ये दुमडून आत जाणारी पट्टी, बस्स. घडी घातली की पाकिटासारखी चपटी होते, खिशात मावते. पगडीला जागा लागते, खुंटी लागते. ही टोपी गरीब माणसाला परवडली, धुता आली, एका दिवसात शिवता आली. मुंबईचे डबेवाले, वारीतले टाळकरी, आमच्या बाजारातले म्हातारे या सगळ्यांच्या डोक्यावर ती अजून आहे, ती यामुळेही असावी असं मला वाटतं.

पुणेरी पगडी पेटीत घ्यायची का यावर बराच विचार केला. तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, टिळकांमुळे सगळ्यांना माहीत आहे, मुलं ओळखतील. पण ती पगडबंदाने आकार देऊन, शिवून कायमची केलेली असते. डोक्यावर ठेवायची आणि उचलायची. मला सुटणारं कापड हवं आहे. नको. जोतीराव फुल्यांच्या पागोट्याचं चित्र मात्र ट्रंकच्या झाकणाला आतून चिकटवलं. त्यात वेढे नीट दिसतात.

19 जानेवारी, रविवार

कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्यात. बीडकडची माणसं. दिवाळी झाली की येतात, उन्हाळ्यापर्यंत राहतात. त्यांची मुलं आमच्या शाळेत येतात म्हणून ओळख आहे. चुंबळ बघायची होती, दुपारी फडात गेले.

बाईने साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला, डोक्याला फडकं. उसाच्या पाल्याची पाती हातातोंडाला कापतात, म्हणून. मी म्हटलं चुंबळ कशी करता ते दाखवा. तिला हे दाखवायचं कसलं, असं झालं. जुन्या लुगड्याचा हातभर पट्टा घेतला, पीळ दिला, डाव्या हाताच्या चार बोटांभोवती दोन वेढे घातले, उरलेलं टोक वेढ्यांतून गोल गोल काढत आणलं आणि शेवट आत खुपसला. पाच-सहा सेकंद. वर मोळी ठेवली आणि फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली. मान सरळ, डोळे पायाकडे नाहीत.

मी करून पाहिली. माझी चुंबळ बघून ती म्हणाली, "ही निसटंल. भोक ल्हान ठिवा." मधलं भोक मोठं राहिलं तर ओझ्याचा भार कडेला जातो आणि मोळी कलते. लहान ठेवलं तर भार टाळूवर न येता भोवताली सारखा पसरतो. आठ-दहा वेळा करून पाहिली तेव्हा एक तिला पसंत पडली.

तिने स्वतःची चुंबळ पेटीसाठी देऊ केली. मी घेतली नाही, तिला उद्या लागणार होती. फक्त कापडाचा तसाच पट्टा मागून घेतला. पेटीत चुंबळ तयार ठेवायचीच नाही, पट्टा ठेवायचा.

टॉवेलचंही इथेच नोंदवते. फडातल्या पुरुषांच्या डोक्याला टॉवेल, आणि तो आमच्या सोलापूरचाच. सोलापुरी चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. ओला करून डोक्याला बांधला की दुपारभर थंड राहतो. नंतर त्यानेच घाम पुसायचा, त्याच्यावरच भाकरी ठेवायची.

26 जानेवारी, रविवार

झेंडावंदन. पाहुण्यांना टॉवेल-टोपी. सरपंच बाई आहेत, त्यांना आधी नेहमीसारखा खण-नारळ दिला, मग कुणीतरी पुढे होऊन त्यांना फेटा बांधला. डोक्यावरचा पदर कुठे करायचा ते त्यांना क्षणभर कळेना. त्यांनी पदर खांद्यावर घेतला आणि मान पुढे केली. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून मोटारसायकलवर बसलेल्या शहरातल्या मुली आता सवयीच्या झाल्यात. पण आमच्या गावात, सासऱ्यांच्या वयाची माणसं समोर बसलेली असताना, डोक्यावरचा पदर उतरून त्या जागी फेटा आला हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. मला फार बरं वाटलं. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "छान दिसला आसंल."

2 फेब्रुवारी, रविवार

आत्याकडे, कुंचीसाठी. या पूर्ण महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस.

बाळाचं नाव आत्या ठेवते आणि आमच्याकडे बारशाला कुंचीही आत्याच आणते. माझी कुंची हिनेच शिवलेली, माझ्या मुलांच्या माझ्या नणंदेने. ही कुंची शिवायला कागदावरचा नमुना लागत नाही. आत्याने सांगितलं तसं इथे लिहून ठेवते.

खणाचा आयत, 75 सेंटिमीटर लांब, 50 रुंद. आतून अस्तर म्हणून जुन्या धोतराचं मऊ कापड, कारण खणाची जर बाळाच्या कपाळाला टोचते. रुंदीची बरोबर मधोमध घडी. आता वरची कड 25 सेंटिमीटरची दुहेरी झाली. ती कड शिवून टाकायची. उघडलं की डोक्याची टोपी तयार, मागे एक टोक आलेलं. बाकीचं कापड पाठीवर मोकळं उतरतं, वारा मानेत शिरू देत नाही. कडेपासून 19-20 सेंटिमीटरवर, म्हणजे मानेशी, बारीक चुण्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बंद. समोरच्या कडेला गोट. टोकाला गोंडा.

"बंद किती लांब?"

"वीतभर. जास्त ठेवू नको. बाळ हातात धरतं, तोंडात घालतं, गळ्याला गुंडाळून घेतं."

आत्याची नजर आता अधू झाली आहे, सुईत दोरा मी ओवून दिला. शिवताना मात्र ती बघतच नव्हती. डाव्या हाताची तर्जनी शिवणीच्या पुढे पुढे सरकत होती आणि सुई बोटाच्या मागोमाग. तुरपाईचे टाके मोजले, एका इंचात अकरा. मी गोट लावला, तो कोपऱ्यावर ओढला गेला. तिने न बोलता उसवला आणि मला परत दिला. दुसऱ्या खेपेला कोपऱ्यावर कापड सैल सोडलं तेव्हा बसला.

तिच्या पेटाऱ्यात तिने स्वतःच्या भाच्यांसाठी केलेल्या कुंच्यांचे उरलेले तुकडे होते. सात भाचरं, सात तुकडे. माझा हिरवा. तिने तो गोंड्यात घातला, म्हणून पेटीतल्या कुंचीच्या टोकाला माझ्या कुंचीचं कापड आहे.

टोपडं राहिलं. ते पुढच्या वेळी.

6 फेब्रुवारी, गुरुवार

गल्लीत तेरावा होता. आमच्याकडे या दिवशी मामा थोरल्या मुलाला पागोटं बांधतो. मुलगा पुण्यात नोकरीला, आयुष्यात कधी डोक्याला काही न बांधलेला. पाटावर खाली मान घालून बसला. मामाने पांढऱ्या कापडाचे नुसते चार वेढे दिले, शेमला नाही, तुरा नाही. बांधून झाल्यावर मामाचे दोन्ही हात जरा वेळ त्याच्या डोक्यावर तसेच राहिले. तोपर्यंत न रडलेला मुलगा तेव्हा रडला.

घरी येताना यादी आठवत होते. कुंची आत्या घालते. लग्नातला फेटा दुसरा बांधतो. दुखवट्याचं पागोटं मामा बांधतो. सत्काराचा फेटा गाव बांधतं. चुंबळ, टॉवेल, मुंडासं हे मात्र ज्याचं तो बांधतो, कारण ते कामाचं. पेटीतल्या चिठ्ठ्या याच धोरणाने लिहायच्या: प्रत्येक कापडाच्या चिठ्ठीवर पहिलं वाक्य "हे कोण बांधतं?" कापूस की रेशीम, कुठल्या जिल्ह्याचं, हे त्याच्या खाली.

9 फेब्रुवारी, रविवार

नांदेडला, भाचीच्या साखरपुड्याला. सकाळी गुरुद्वारात गेलो. गुरू गोविंदसिंगांचं 1708 मध्ये इथेच निर्वाण झालं, शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक, तख्त सचखंड हजूर साहिब. दारातच रुमालांची टोपली. आत जाणाऱ्या प्रत्येकाने, बाई असो की पुरुष, डोकं झाकायचं. भाचीच्या सासरच्या शेजारी शीख कुटुंब आहे, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, घरात आपल्यासारखं मराठी बोलणारं.

त्यांचा मुलगा कॉलेजला निघाला होता, दारात दस्तार, म्हणजे शिखांची पगडी, बांधत होता. धाकट्या बहिणीला हाक मारली, "ये, टोक धर." ती ताट ठेवून आली, एक टोक धरून व्हरांड्याच्या दुसऱ्या कडेला गेली, दोघांनी ताणून घड्या घातल्या. यालाच ते पूणी करणं म्हणतात. मग तिकडचं टोक दातात, पहिला वेढा तिरपा. मी अण्णांच्या ओसरीवर उभी आहे असंच मला वाटलं. फरक एवढाच की याच्या कापडाखाली न कापलेले केस, आणि हे रोजचं, धर्माचं, श्वासाइतकं आवश्यक. सणाला बांधून उतरवून ठेवायचं नाही.

त्याच्या आईने जुनी धुतलेली दस्तार पेटीसाठी दिली. म्हणाली, "जमिनीवर ठेवू नका, पाय लागू देऊ नका. एवढंच." तिचे शब्द तसेच चिठ्ठीवर.

16 फेब्रुवारी, रविवार

करडईच्या वाळक्या पाकळ्या मिळाल्या. जुन्या काळी तांबडा, गुलाबी फेटा रंगवायला हाच कुसुंबा वापरत. आमच्या भागात करडई सगळ्यांच्या रानात, पण तेलासाठी. पाकळ्यांकडे कुणी बघत नाही. मैत्रिणीच्या रानात दोन तास वेचल्या, काट्यांनी मनगटं ओरबाडली. फूल पिवळं उमलतं आणि वाळताना केशरी-तांबडं होतं. तेव्हाच्या पाकळ्या घ्यायच्या. भरल्या 140 ग्रॅम.

23 फेब्रुवारी, रविवार

आज शिवणटिपण काही नाही. एका निवृत्त सहकारी बाईंकडे दुपारभर बसले होते. त्यांच्या आजोबांच्या बहिणीबद्दल बोलल्या. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य, न्हाव्यापुढे बसवून केशवपन, आणि मग मरेपर्यंत आलवण. तांबडं सुती लुगडं, बिनकाठाचं, पदर कपाळावर ओढून घेतलेला. बाई लहान असताना त्या आजीच्या मांडीवर झोपायच्या. पदर झोपेत सरकला की आजी आधी पदर सावरायची, मग बाळाचं अंग.

हे पेटीत घ्यायचं की नाही? 6 तारखेला मी "हे कोण बांधतं" असं लिहिलं तेव्हा मनात माया होती, आत्याचे हात होते, मामाचे हात होते. आलवणही दुसऱ्यांच्याच हातून डोक्यावर आलं. तिथेही घरचीच माणसं होती. ते वगळून पेटी केली तर ती खोटी होईल.

मुलांना सांगता येईल असं पुष्कळ आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, हे मला फार मोठं वाटतं. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनातल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम उभा केला.

निर्णय: आलवण पेटीत राहील. पण ते मुलांनी डोक्यावर घ्यायचं नाही. तांबड्या सुती कापडाची घडी करायची आणि चारी बाजूंनी धावदोरा घालून ती बंद करायची. हातात घेता येईल, उलगडता येणार नाही. चिठ्ठी मोठ्या मुलांसाठी, आणि सातवीच्या खाली बाईंनी वाचून दाखवायची.

रात्री धावदोरा घालून झाला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

2 मार्च, रविवार

रंग. पहिला प्रयत्न फसला, चूक माझीच. पाणी उकळलं. कुसुंब्याचा तांबडा उष्णतेने मरतो, हे मला पाकळ्यांचा तपकिरी काढा झाल्यावर कळलं. 50 ग्रॅम वाया.

दुसऱ्यांदा सगळं थंड पाण्यात. 50 ग्रॅम पाकळ्या फडक्यात बांधून वाहत्या पाण्यात चोळत राहिले. आधी नुसता पिवळा निघतो, तो पाण्यात सुटणारा, टाकून द्यायचा. पाऊण तासाने पाणी निवळ झालं. मग त्याच पुरचुंडीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी घालून मळलं. आता गडद, तांबूस-तपकिरी पाणी यायला लागलं, म्हणजे सोड्याने तांबडा सोडवला. त्यात मलमलीचा रुमाल बुडवला. तपकिरी, कळकट दिसत होता. वरून लिंबू पिळायला लागले. फेस आला, आणि फेस बसता बसता पातेल्यातलं पाणी डोळ्यांदेखत गुलाबी झालं. रुमालही. असा गुलाबी मी दुकानात पाहिलेला नाही, आतून उजेड असल्यासारखा. सासूबाई चुलीपासून उठून बघायला आल्या आणि म्हणाल्या, "ह्यो कुसुंबी. माझ्या आजाच्या पटक्याचा ह्योच रंग."

एका रुमालाला 50 ग्रॅम लागले आणि तो गुलाबीच राहिला. तांबडा हवा तर पुन्हा पुन्हा बुडवायचा. सात मीटरच्या फेट्याला किती रान वेचावं लागत असेल. आणि उन्हात हा रंग उडतो, साबणात धुतला तर साबणातला खार तो परत सोडवून नेतो. म्हणून रुमालाचे दोन तुकडे केले: एक पेटीच्या तळाशी अंधारात, दुसरा शाळेच्या खिडकीत टांगायचा. मुलांनी महिन्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचे.

9 मार्च, रविवार

पुण्याची पुतणी आली होती. स्कूटरवर बसताना स्कार्फ कसा बांधायचा ते दाखवलं: चौकोन तिरपा दुमडून कपाळावर, दोन्ही टोकं मागे नेऊन एकमेकांवरून फिरवून पुढे, नाकावरून परत मागे, गाठ. फक्त डोळे उघडे. ऊन, धूळ, आणि तिच्या शब्दांत "कुणी बघतंय याचा ताप नाही."

शेजारच्या चाचींनी क्रोशाने विणलेली जाळीची टोपी दिली. त्यांची मुलगी बारावीला आहे. तिने हिजाबची ओढणी आणि आतली टोपी दिली. पिना काढून घेतल्या, लहान मुलांना टोचतील म्हणून. चिठ्ठी मी लिहू का म्हटलं तर म्हणाली, "मी लिहिते." तिने लिहिलेलं पहिलं वाक्य: "हे मी स्वतः बांधते." त्यात एका अक्षराचाही बदल केलेला नाही.

16 मार्च, रविवार

पेटी भरली. घोंगडी मावत नाही. ती धनगरवाड्यातून त्या त्या शाळेजवळ मागून घ्यायची असं ठरवलं. खोळ करायला तशीही खरी, जड, मेंढीच्या वासाची घोंगडी पाहिजे. पदरासाठी जुनी सुती साडी घातली. अण्णांनी स्वतःचा फेटा दिला. मी नवीन घेते म्हटलं, तर म्हणाले, "नवा कडक आसतोय, पोरांच्या हातात ऱ्हानार न्हाई."

24 मार्च, सोमवार

पहिली शाळा. सकाळची शाळा, साडेसातला पोचले. अण्णांना नातवाने मोटारसायकलवर आणलं.

पहिला अर्धा तास गोंधळ. तो होऊ दिला. चुंबळ सगळ्यात आधी जमली ती कोपीवरच्या दोन मुलींना. त्यांनी मग इतरांना शिकवली. एरवी वर्गात मागे बसणाऱ्या मुली आहेत त्या. आज त्यांच्याभोवती दहा जण होते आणि एक जण म्हणत होता, "मला परत दाखव ना."

कुंची एका मुलाने घडी करून मांडीवर घेतली. त्याला दोन महिन्यांची बहीण आहे. गोंड्याला हात लावत बसला.

फेट्याला अण्णांनी खुर्ची घेतली नाही. त्यांचा उजवा खांदा आज वर जात नव्हता, त्यामुळे बांधून दाखवता येईना. ते टोक धरून भिंतीपाशी उभे राहिले. दुसरं टोक त्याच मुलीकडे, जिने डिसेंबरात मला विचारलं होतं, हा सुटला तर कसा बांधायचा. तिच्या चुण्या तीनदा मोडल्या. तिन्ही वेळा अण्णा थांबले. चौथ्यांदा तिने मित्राच्या डोक्यावर वेढे चढवले. एका बाजूला उंच झाला, शेमला फारच लांब राहिला, गुडघ्यापर्यंत. तिने मागे सरून पाहिलं आणि आपणच सोडला. "परत," म्हणाली.

आलवणाची घडी एका सातवीच्या मुलीने बराच वेळ हातात धरली. चिठ्ठी वाचली. मग विचारलं, "त्यांना केस परत वाढवता यायचे का?" मी सांगितलं, ज्या शारदा सदनात गेल्या, आश्रमात गेल्या, त्यातल्या काहींना वाढवता आले. ती घडी तिने पेटीत ठेवताना वर दस्तार ठेवली नाही, बाजूला सारली. कुणी सांगितलेलं नव्हतं.

27 मार्च, गुरुवार

पेटी परत आली. तपासली. खिडकीतला कुसुंबी तुकडा चारच दिवसांत फिकट पडलाय, तळातला तसाच आहे. चुंबळीचा पट्टा मळलाय, धुवायचा नाही असं ठरवलं. टोपडं अजून झालेलं नाही, आत्याला फोन करायचा. मफलर एक कमी आहे. दुपारी बाईंचा फोन आला, एका मुलाने घरी नेलाय, आजोबांना दाखवायला, उद्या आणतो म्हणाला.

फेट्याचा शेमला काठाशी दोन बोटं उसवलाय. मंगळवारी पुढची शाळा, आज रात्रीच टाके घालायचे.